विंडोज १० सोडून लिनक्सवर जायचंय, पण स्कायरिमचे २१४ मॉड्स सोबत येतील का?

उत्तररात्र

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, विचारतोय पहिल्यांदाच.

माझं मशीन असं: इंटेल आय५-७५००, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० (६ जीबी), ५०० जीबीची एसएसडी आणि गेम्ससाठी वेगळी २ टीबीची हार्ड डिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझा सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. मशीन मात्र ठणठणीत आहे. एका यादीत नाव नाही म्हणून चांगलं चालतं मशीन अडगळीत टाकायला मन होत नाही. म्हणून लिनक्स.

मी खेळतो तीन गेम्स: स्कायरिम स्पेशल एडिशन, स्टारड्यू व्हॅली आणि विचर ३. धाकटा भाऊ याच मशीनवर व्हॅलोरंट खेळतो.

खरी काळजी स्कायरिमची आहे. मॉड्स सांभाळणाऱ्या मॉड ऑर्गनायझर २ या प्रोग्रॅममध्ये २१४ मॉड्स, म्हणजे खेळाडूंनी गेमसाठी बनवलेल्या जोडण्या, आहेत आणि ते जमवायला तीन वर्षं गेली. नुसते डाउनलोड केलेले नाहीत. कुठला मॉड कुणावर कुरघोडी करतो ते एक्सएडिटमध्ये बघून साठेक पॅचेस मी स्वतः केलेत. पात्र ४७ व्या लेव्हलला आहे. हे सगळं नव्याने उभारायची माझी तयारी नाही, खरंच नाही.

तर विचारायचंय ते हे: मॉड ऑर्गनायझरचा फोल्डर उचलून लिनक्सवर ठेवला तर चालेल का? २ टीबीची डिस्क एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टिम) आहे, ती तशीच ठेवून दोन्हीकडून वापरता येईल का? आणि मुळात बरेच मॉड्स ज्याच्या आधारावर चालतात तो स्क्रिप्ट एक्स्टेंडर, म्हणजे एसकेएसई, लिनक्सवर चालतो का? व्हिडिओ खूप बघितले. सगळे गेम चालू करून फ्रेमरेट दाखवतात आणि थांबतात. मॉड्सबद्दल कुणी बोलत नाही.

---

खडखडाट

मित्रा, आधी व्हॅलोरंटचं सांगतो, कारण त्यावरच तुझ्या घरातला निर्णय ठरेल. तो लिनक्सवर चालत नाही. त्याचं व्हॅनगार्ड हे अँटी-चीट (फसवणूक पकडणारा प्रोग्रॅम) विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, बसतं. स्टीम या गेम्सच्या दुकानाचा प्रोटॉन विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर साध्या प्रोग्रॅमसारखे चालवतो, तिथे विंडोजचं कर्नल नसतंच. मग व्हॅनगार्ड बसणार कुठे? यावर जुगाड शोधत बसू नकोस, भावाचं अकाउंट बॅन व्हायचं.

सगळ्या अँटी-चीटचं असं नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनी २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी सोय केली, पण ती चालू करायची की नाही हे गेम बनवणाऱ्याच्या हातात ठेवलं. त्यामुळे तेच अँटी-चीट असलेला एक गेम चालतो आणि दुसरा चालत नाही. ऑनलाइन गेम घेण्याआधी प्रोटॉनडीबी या साइटवर त्या गेमचे ताजे रिपोर्ट वाचत जा. दोन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवर विसंबू नकोस.

कार्डाबद्दल. १०६० हे पास्कल पिढीचं आहे. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची ५८० ही मालिका पास्कलसाठी शेवटची. तीच टाक, पुढच्या मालिकेला हात लावू नकोस. डायरेक्टएक्स (विंडोजची ग्राफिक्सची भाषा) ११ पर्यंतचे गेम्स डीएक्सव्हीके या अनुवादकामधून लिनक्सवरच्या व्हल्कन या भाषेत जातात आणि या कार्डावर छान पळतात. डायरेक्टएक्स १२ ला मात्र हे कार्ड लिनक्सवर दमतं. विचर ३ ला डिसेंबर २०२२ च्या अपडेटपासून दोन्ही पर्याय आहेत, तू ११ चाच निवड. स्कायरिम ११ वरच चालतो, त्यामुळे तिथे प्रश्न नाही.

डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, म्हणशील तर तुझ्या मशीनला लिनक्स मिंट. ड्रायव्हर मॅनेजर उघडायचा, ५८० निवडायचा, रीस्टार्ट. बझाइट वगैरे चांगलेच आहेत, पण त्यात सिस्टिमचा मूळ भाग बंद कुलपात असतो. मॉडिंग करणाऱ्याने पहिल्याच दिवशी ती शिस्त अंगावर घेऊ नये असं मला वाटतं. स्टीम टाकताना डेब पॅकेजचं घे. फ्लॅटपॅकचं स्टीम खेळायला चालतं, पण ते आपल्या वेगळ्या खोलीत राहतं, दुसऱ्या डिस्कवरचे फोल्डर त्याला परवानगीशिवाय दिसत नाहीत. मॉड्स करताना ते सारखं आडवं येतं.

मॉड्सबद्दल मी बोलत नाही, तो माझा प्रांत नाही. पोत_आणि_रंग या बाईंना विचार, त्या स्वतः मॉड्स बनवतात.

---

पोत_आणि_रंग

उत्तररात्र, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. गेम चालतो का, हे विचारायचे दिवस आता मागे पडले. व्हॉल्व्हने ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आणला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक बाजारात आल्यावर तर त्यावर झपाट्याने काम झालं. एकट्याने खेळायचे बहुतेक गेम्स आज प्ले दाबलं की सुरू होतात. मेहनत आहे ती मॉड्सची. आणि ती का आहे हे एकदा डोक्यात बसलं, की तुमचे २१४ च्या २१४ मॉड्स सोबत येतील. मी २०२२ मध्ये आले तेव्हा माझे १६० होते.

मी स्कायरिमसाठी चिलखतांचे पोत, म्हणजे टेक्स्चर्स, रंगवते. लिनक्सवर येण्याआधीची गोष्ट सांगते, कारण सगळा विषय त्यातच आहे.

माझ्या एका चिलखताच्या मॉडवर एकाने स्क्रीनशॉट टाकला. हातमोजे अगदी मी रंगवले तसे, गंजाची कड आणि चामड्याच्या शिवणीसकट. बाकी छाती, बूट, शिरस्त्राण सगळं भडक जांभळं. स्कायरिमला पोताची फाइल सापडली नाही की तो तिथे जांभळा रंग भरतो, हे तुम्हाला माहीत असेलच. मी माझ्याकडे पुन्हा पुन्हा तपासलं, सगळं जागच्या जागी होतं. त्याला लिहिलं की तुमचंच काहीतरी चुकलंय. तो बिचारा शांतपणे म्हणाला, मी लिनक्सवर आहे, फोल्डरचा फोटो पाठवू का? पाठवला. त्याच्या डेटा फोल्डरमध्ये टेक्स्चर्स नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी होते. एकाचं पहिलं अक्षर कॅपिटल, दुसऱ्याचं स्मॉल.

चूक माझी होती. मूळ मॉडच्या झिपमध्ये मी कॅपिटल अक्षराने फोल्डर केला होता आणि नंतर हातमोजांचा पॅच काढला त्यात स्मॉलने. विंडोजला दोन्ही नावं एकच, त्यामुळे तिथे दोन्ही झिप एकाच फोल्डरात मिसळत. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइलसिस्टिमला ती दोन वेगळी नावं आहेत. त्या माणसाने दोन्ही झिप लिनक्सच्या आर्काइव्ह मॅनेजरने थेट डेटा फोल्डरमध्ये सोडल्या आणि दोन फोल्डर झाले. गेम स्मॉल अक्षराने फाइल मागतो. प्रोटॉनच्या पोटातलं वाइन त्या नावाचा फोल्डर तंतोतंत सापडला की त्यातच शिरतं, मागे फिरून शेजारच्या फोल्डरात डोकावत नाही. त्यात नुसते हातमोजे. म्हणून हातमोजे दिसले आणि बाकी चिलखत जांभळं.

त्या रात्री माझे सगळे मॉड्स उघडून एकूण एक फोल्डर स्मॉल अक्षरांत केला आणि पुन्हा चढवला. इथे मॉड्स बनवणारे कुणी वाचत असतील तर कळकळीने सांगते, फोल्डरांची नावं स्मॉल अक्षरांत ठेवा. तुमच्याकडे काहीच फरक पडणार नाही, पण पलीकडे कुणाची तरी रात्र वाचेल.

आता तुमच्या कामाचं. मॉड ऑर्गनायझर वापरता हे फार चांगलं आहे, कारण तो प्रत्येक मॉड वेगळ्या फोल्डरात ठेवतो आणि गेम चालू करताना सगळे मिळून एकच डेटा फोल्डर असल्याचं गेमला भासवतो. हे मिसळणं तो विंडोजच्या नियमाने करतो, कॅपिटल-स्मॉल बघत नाही. म्हणून एकच पथ्य पाळा: लिनक्सवर आल्यावर कुठलाही मॉड बाहेरच्या आर्काइव्ह मॅनेजरने सोडू नका, ऑर्गनायझरच्या आतूनच बसवा. ज्यांना थेट डेटा फोल्डरमध्ये काम करायचंय त्यांच्यासाठी ईएक्सटी४ मध्ये केसफोल्ड नावाची सोय २०१९ पासून, म्हणजे कर्नल ५.२ पासून आहे. ती फाइलसिस्टिमवर चालू करून एखाद्या रिकाम्या फोल्डरला तसा गुण लावला की तो फोल्डर कॅपिटल-स्मॉल एकच मानतो. फोल्डर रिकामा असतानाच लावावा लागतो, भरलेल्याला लागत नाही. तुम्हाला गरज पडू नये.

विंडोज पुसण्याआधी काय काय उचलायचं ते नीट वाचा.

माय गेम्समधल्या स्कायरिमच्या फोल्डरात सेव्ह्ज आहेत. प्रत्येक सेव्हच्या दोन फाइल्स असतात, एक ईएसएसची आणि त्याच नावाची एसकेएसईची. लोक नुसती पहिली उचलतात. दुसरीत स्क्रिप्ट एक्स्टेंडरवर चालणाऱ्या मॉड्सची माहिती असते. ती नसली तर सेव्ह उघडतो, पण मॉड्सना मागचं काही आठवत नाही. दोन्ही घ्या. ऑर्गनायझरचा अख्खा फोल्डर घ्या, त्यातला प्रोफाइल्स जीवापाड जपा. मॉड्सचा क्रम आणि लोड ऑर्डर तिथेच साध्या मजकुराच्या फाइल्समध्ये असते. तुमची तीन वर्षं त्या काही किलोबाइटांत आहेत. शक्य असेल तर ती तीन ठिकाणी ठेवा.

आणि गेमचा फोल्डरही घ्या. हे कुणी सांगत नाही. गेमच्या ईएक्सईच्या प्रॉपर्टीजमध्ये आवृत्ती बघून लिहून ठेवा. तुमची समजा १.६.६४० असेल आणि लिनक्सवर स्टीमने नव्याने डाउनलोड करताना १.६.११७० आणली, तर तुमचा एसकेएसई आणि त्यावरचे निम्मे प्लगइन्स उभेच राहणार नाहीत. तुम्ही लिनक्सला दोष द्याल, आणि दोष असेल आवृत्तीचा. स्टीमवर गेम बसवा, मग जुन्या फोल्डरातल्या फाइल्स त्यावर टाका आणि प्रॉपर्टीजमध्ये अपडेट फक्त गेम सुरू करतानाच व्हावं असं ठेवा.

आता प्रिफिक्स. हा शब्द पाठ करून टाका. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटं खोटं विंडोज उभं करतो, त्यात स्वतःची सी ड्राइव्ह असते, स्वतःचे डॉक्युमेंट्स, स्वतःची रजिस्ट्री. स्टीमअ‍ॅप्समध्ये कॉम्पॅटडेटा फोल्डर आहे, त्यात गेमच्या क्रमांकाचा फोल्डर. स्कायरिम स्पेशल एडिशनचा क्रमांक ४८९८३०. त्याच्या आत पीएफएक्स, मग ड्राइव्ह सी, मग यूझर्स, मग स्टीमयूझर, आणि तिथे तुमचे ओळखीचे डॉक्युमेंट्स. सेव्ह्ज तिथे ठेवायच्या. हा फोल्डर गेम एकदा चालवल्याशिवाय तयार होत नाही, म्हणून आधी मॉड्सशिवाय गेम एकदा मेनूपर्यंत नेऊन बंद करा.

मॉड ऑर्गनायझर याच प्रिफिक्समध्ये चालला पाहिजे. त्यासाठी प्रोटॉनट्रिक्स टाका आणि त्यातून ४८९८३० च्या प्रिफिक्समध्ये ऑर्गनायझरची ईएक्सई चालवा. लिनक्सची अख्खी डिस्क या खोट्या विंडोजला झेड ड्राइव्ह म्हणून दिसते. तुमच्या ऑर्गनायझरच्या सेटिंग्जच्या आयएनआय फाइलमध्ये डी ड्राइव्हचे जुने पत्ते असतील, ते झेडच्या पत्त्यांनी बदला. गेमचा पत्ता, एसकेएसईचा, एक्सएडिटचा. मला याला अर्धा तास लागला होता.

एसकेएसई चालतो, ऑर्गनायझरमधूनच सुरू करायचा, जसा आता करता तसाच. एक्सएडिटही तसाच, आतूनच. बाहेरून उघडलात तर त्याला एकही मॉड दिसणार नाही, कारण ते भासवणं फक्त ऑर्गनायझरने सुरू केलेल्या प्रोग्रॅमपुरतं असतं. लोड ऑर्डर लावणाऱ्या लूटची लिनक्सवरची स्वतंत्र आवृत्ती मिळते, तिचंही तेच, तुमच्या उपयोगाची नाही.

स्टारड्यूची चिंता नको. तो मुळातच लिनक्ससाठी आहे आणि त्याचे मॉड्स चालवणाऱ्या एसएमएपीआयच्या इन्स्टॉलरमध्ये लिनक्सची फाइल असतेच. सेव्ह्ज होम फोल्डरातल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात स्टारड्यू व्हॅली नावाखाली ठेवायच्या. दहा मिनिटांचं काम.

क्रिएशन किट, म्हणजे स्कायरिमचे मॉड्स बनवायचं साधन, त्याबद्दल प्रामाणिकपणे सांगते, माझ्याकडे प्रोटॉनमध्ये तो मध्येच बंद पडायचा, म्हणून त्याच्यापुरती विंडोजची एक लहान पार्टिशन ठेवली आहे. जिंप आणि ब्लेंडर लिनक्सवर आहेतच. माझं रंगकाम सगळं इकडेच होतं.

---

दुहेरी_बूट

मी थोडी दुसरी बाजू मांडतो. तीन वर्षांत दोनदा लिनक्सवर गेलो, एकदा परत आलो, आता दोन्ही ठेवलंय.

परत येण्याचं कारण मॉड्स नव्हते. मित्रांबरोबर एक नेमबाजीचा गेम खेळायचो, लिनक्सवर मस्त चालायचा. एके दिवशी बनवणाऱ्यांनी जाहीर केलं की आता लिनक्सवरून आत घेणार नाही, आणि पुढच्या अपडेटला दार बंद. माझ्या मशीनमध्ये काही बिघडलं नव्हतं, माझ्या हातून काही चुकलं नव्हतं. गेममध्ये विकत घेतलेल्या स्किन्स, तीन हंगामांची मेहनत, सगळं पलीकडे राहिलं. याचा राग अजून आहे. खडखडाट म्हणतात ते म्हणूनच महत्त्वाचं: ऑनलाइन गेमवर जीव असेल तर आज चालतोय म्हणजे उद्या चालेल असं धरून चालू नका. तुमच्या भावासाठी विंडोज ठेवावंच लागेल. सपोर्ट संपलेलं असल्यामुळे त्यावर बँकेचं, मेलचं काही करू नका, गेमपुरतंच ठेवा.

एनटीएफएसचं उत्तर मी देतो, कारण त्यात माझे हात पोळलेत. एकच स्टीम लायब्ररी दोन्हीकडून वापरायची कल्पना मलाही सुचली होती. गेम्स चालले सुद्धा. मग विंडोजमध्ये गेलो, त्याने डिस्क तपासायला घेतली आणि दुरुस्ती करतोय म्हणून फाइल्स उडवल्या. झालं काय, तर ताईंनी सांगितलेल्या त्या प्रिफिक्सच्या आत डॉसडिव्हायसेस नावाचा फोल्डर असतो आणि त्यात सी आणि झेड ड्राइव्हच्या नावाचे दुवे असतात, नावात कोलनसकट. लिनक्स एनटीएफएसवर कोलन लिहू शकतं. विंडोजला फाइलच्या नावात कोलन चालतच नाही, त्याला ती बिघडलेली नोंद वाटते. दोन रात्री आणि एक विचरचा सेव्ह गेला.

शिवाय विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावरही ते अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्सला ती डिस्क फक्त वाचण्यापुरती मिळते. मग स्टीम लिहू शकत नाही आणि गेम काहीही न सांगता बंद होतो. लोक प्रोटॉन बदलत बसतात.

म्हणून: २ टीबीच्या डिस्कचे दोन भाग करा. मोठा ईएक्सटी४, त्यावर लिनक्सचे गेम्स. लहान एनटीएफएस, त्यावर भावाचं. देवाणघेवाण हवी तर एखादा साधा फोल्डर ठेवा, त्यात स्टीम नको.

आणखी एक, स्कायरिमबाहेरच्या मॉड्ससाठी. कित्येक मॉड्स गेमच्या फोल्डरात एक डीएलएल (प्रोग्रॅम सोबत उचलतो ती फाइल) टाकून काम करतात. बेपइनेक्स या मॉड-लोडरची विनएचटीटीपी, सायबरपंकच्या मॉड्सच्या व्हर्जन आणि विनएमएम. वाइनकडे त्याच नावाच्या स्वतःच्या डीएलएल असतात आणि ते त्याच उचलतं. गेम व्यवस्थित चालतो, मॉड जणू नाहीच. स्टीमच्या लाँच ऑप्शन्समध्ये वाइन डीएलएल ओव्हरराइड्सची ओळ घालून त्या नावांसमोर आधी नेटिव्ह, मग बिल्टइन असं सांगावं लागतं. मॉडच्या पानावर लिनक्सचा परिच्छेद असेल तर बहुतेक वेळा तिथे हीच ओळ असते. मला हे कळायला एक आठवडा लागला, तुम्हाला लागू नये.

---

उत्तररात्र

तिघांचेही मनापासून आभार. शनिवारी केलं. मिंट एसएसडीवर, विंडोजला १५० जीबी ठेवलं, मोठी डिस्क दोन भागांत. ५८० चा ड्रायव्हर एका झटक्यात बसला. विचर ३ डायरेक्टएक्स ११ वर चालू आहे, पहिल्या दहा मिनिटांत जरा अडखळला, नंतर गुळगुळीत. स्टारड्यूला खरंच दहा मिनिटं लागली.

स्कायरिमवर अडकलोय. माझी आवृत्ती खरोखर १.६.६४० निघाली, जुन्या फाइल्स वर टाकल्या, एसकेएसई तक्रार करत नाही. मॉड्सही दिसतात, मुख्य मेनूचं चित्र माझंच येतं. पण लोडचं बटण नाही. रिझोल्यूशन, आवाज सगळं पहिल्या दिवसासारखं. सेव्ह्ज मी ४८९८३० मध्ये ताईंनी सांगितलेल्या जागीच ठेवल्यात, तीन वेळा तपासलं. १३२ फाइल्स आहेत तिथे, डोळ्यांनी दिसतायत. गेमला का दिसत नाहीत?

---

पोत_आणि_रंग

एक सांगा. ऑर्गनायझर प्रोटॉनट्रिक्समधून सुरू करताय, की स्टीममध्ये नॉन-स्टीम गेम म्हणून जोडलाय?

कॉम्पॅटडेटा फोल्डर उघडून तारखेप्रमाणे लावा. ४८९८३० शिवाय शनिवारच्याच तारखेचा, भलामोठा आकडा असलेला दुसरा फोल्डर दिसतोय का?

---

उत्तररात्र

दिसतोय, दहा आकडी आहे. आणि हो, नॉन-स्टीम म्हणून जोडलाय. प्रोटॉनट्रिक्स उघडायला वेळ लागत होता, एका व्हिडिओत ही पद्धत सोपी वाटली.

---

पोत_आणि_रंग

मग तुमच्या सेव्ह्ज सुखरूप आहेत, घाबरू नका. स्टीम बाहेरून जोडलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचा वेगळा प्रिफिक्स देतं. ऑर्गनायझर त्या दहा आकडी घरात राहतो आणि त्याने सुरू केलेला स्कायरिमही त्याच घरात उठतो. तिथले डॉक्युमेंट्स कोरे आहेत, म्हणून सेटिंग्ज पहिल्या दिवसाची आणि लोडचं बटण नाही. तुमच्या १३२ फाइल्स शेजारच्या घरात आहेत.

दोन वाटा आहेत. स्टीममधला तो शॉर्टकट काढून प्रोटॉनट्रिक्सनेच ४८९८३० मध्ये चालवा, मी तेच करते. किंवा शॉर्टकटच आवडत असेल तर ऑर्गनायझरच्या प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये सेव्ह्ज आणि आयएनआय प्रोफाइलपुरत्या ठेवायचे पर्याय आहेत, ते चालू करून सगळं प्रोफाइलच्या फोल्डरात हलवा. मग कुठल्याही प्रिफिक्समधून उघडलंत तरी फरक पडत नाही. बॅकअपही एकाच जागी होतो. दुसरी वाट घेतलीत तर हलवू नका, कॉपी करा, आणि पात्र प्रत्यक्ष चालताना दिसेपर्यंत मूळ फाइल्सना हात लावू नका.

---

उत्तररात्र

दुसरी वाट घेतली. लोडचं बटण आलं. शेवटचा सेव्ह उघडला तर पात्र ब्रीझहोम या त्याच्या घरात जिथे सोडलं होतं तिथेच, पायऱ्यांपाशी. ४७ वी लेव्हल, सामान जसंच्या तसं, एसकेएसईवरच्या मॉड्सच्या सेटिंग्जसुद्धा. दोन्ही फाइल्स घ्यायला सांगितलंत म्हणून. भाऊ मागे उभा होता, त्याला कळेना मी एका झोपडीकडे एवढा वेळ का बघतोय.

घरात फक्त एक गोष्ट जांभळी होती, शेल्फवरची पुस्तकं. ताईंची गोष्ट आठवली. तो एकच मॉड मी शनिवारी घाईत आर्काइव्ह मॅनेजरने सोडून ऑर्गनायझरच्या फोल्डरात स्वतः टाकला होता. उघडून बघितलं तर आत टेक्स्चर्सचा एकच फोल्डर, पण त्यात बुक्स नावाचे दोन, एक कॅपिटल बीचा आणि एक स्मॉल बीचा. झिपमध्येच तसं होतं. तो मॉड काढला, झिप ऑर्गनायझरला दिली, त्याने दोन्ही एकात मिसळले आणि पुस्तकांना कातडी बांधणी परत आली. मॉड बनवणाऱ्याला फोल्डरच्या फोटोसकट नम्रपणे लिहिलंय.

माझ्या साठ पॅचेसचे फोल्डरही तपासले. अकरा ठिकाणी कॅपिटल होतं, सगळे स्मॉल केले. क्रिएशन किट अजून लावून बघितला नाही. पुढच्या सुट्टीत बघतो आणि जे होईल ते इथेच लिहितो.